एस्तेरबाईंचा शुक्रवार

रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते, तिथं काठावरच्या जुन्या आळीत एक घर आहे. जांभ्या दगडाचं, कौलारू. फाटकावर आता इंग्रजी पाटी आहे आणि सुट्टीला मुंबईची माणसं तिथं राहायला येतात. त्यांच्या चादरी बदलायला, त्यांना सोलकढी करून वाढायला पुतळाबाई असते. घर एस्तेरबाई अष्टमकरांचं होतं तेव्हाही तीच होती. लग्न होऊन गावात आली तेव्हा भांडी घासायला म्हणून लागली, ती तिथलीच झाली.

अष्टमकर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. मुलगे तिकडे इस्रायलला गेले, एस्तेरबाई मागे राहिल्या. दाराच्या चौकटीवर एक पितळी नळी तिरकी बसवलेली होती, आत त्यांच्या धर्मग्रंथातलं वचन. येता-जाता त्या तिला बोटं लावायच्या आणि बोटं ओठांना. शुक्रवारी दिवस कलला की दिवा लावून मागल्या पडवीतून सावकाश दारापर्यंत यायच्या. शब्बाथ, त्यांचा विसाव्याचा दिवस, लागला की घरातलं काम बंद.

"पुतळे, बस आता. भरती संपली की खाडीसुद्धा घटकाभर थांबते."

पुतळाबाई पायरीवर बसायची. आयुष्यात तिला बस म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग एकदा मुलगा आला, नळी काढून घेतली, आईला घेऊन गेला. गाडीत बसताना एस्तेरबाई "येते गं" म्हणाल्या. काही वर्षांनी त्या वारल्याचा फोन आला. तोवर घर चौलच्या अनीशनं विकत घेतलं होतं.

त्या फोननंतर शुक्रवारी पावलं येऊ लागली. दिवस कलताना, मागल्या पडवीतून, सपाता घासत. दाराशी थांबायची. चौकटीवर नळीची दोन भोकं उरली होती, तिथली हवा जरा ऊबदार व्हायची. मग काही नाही. पुतळाबाई हातातलं काम ठेवून पायरीवर बसायची. भ्यायची नाही.

तिच्या मुलाला, सनीला, हे पटत नव्हतं. "आई, आपन बुद्धाची मानसं. आपल्यात भूत न्हाय."

"मी कुठं भूत म्हनते?"

"मग काय म्हनतेस?"

"बाई म्हनते."

पुढं विनिता नावाच्या एका पाहुणीनंही ती पावलं ऐकली आणि मोबाइलवर तसं लिहिलं. त्याच सुमारास अनीश घर विकायच्या विचारात होता. पावसाळाभर खोल्या रिकाम्या, आणि पुण्याचा एक बिल्डर पाडायच्या बोलीवर घ्यायला तयार. विनितानं लिहिलेलं वाचून लोकांचे फोन येऊ लागले तसा तो थांबला.

"मावशी, आता घर तुमच्या हातात आहे," तो म्हणाला. "पाहुण्यांना ती गोष्ट सांगायची. चांगली रंगवून. पांढरी साडी वगैरे."

"बाई फुलाफुलाची नेसायच्या."

"फुलाफुलाचीला कोण घाबरतं, मावशी?"

घर पडलं तर बाई येणार कुठं? एवढा एकच विचार पुतळाबाईनं केला आणि हो म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी जेवणं उरकल्यावर पाहुणे ओटीवर जमले. तिनं खरं तेच सांगायला घेतलं. दिवा, चौकट, बोटं. माणसं मोबाइलकडे वळू लागली. तिला घर पडताना दिसलं. मग ती म्हणाली, बाईंचे केस ओले असतात. पाय उलटे. तिकडं परक्या मातीत जीव रमला नाही म्हणून चिडून येते, दार ओरबाडते. एका मुलीनं शेजारणीचा दंड धरला. "मावशी, बस ना," ती हसत, शहारत म्हणाली.

एस्तेरबाई कधी कुणावर चिडल्या नव्हत्या.

दिवस कलला. ती पायरीवर बसली. पाणी काठोकाठ भरून उभं राहिलं, मग उतरू लागलं. पडवीतून कुणी आलं नाही. पुढच्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिनं चौकटीला हात लावून पाहिला. लाकूड लाकडासारखं गार होतं.

पावसाळ्यातसुद्धा घर भरलं. बिल्डर परत गेला. अनीशनं तिचा पगार वाढवला आणि कौलं नवी घातली.

असाच एक घोळका आला. सामान टाकायच्या आत विचारलं, "मावशी, ती बाई कुठून येते?"

"येत न्हाय कुनी," पुतळाबाई म्हणाली. "आता न्हाय येत."

"म्हणजे आधी यायची?"

"यायची. मीच घालवली."

घोळक्यानं सामान तिथंच टाकलं. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "बापरे. काय भारी सांगते ही," आणि सगळे तिच्याभोवती सरकून बसले, पुढचं ऐकायला.