चिमीची भूक आणि आमचा संशय

फोन दादाचा होता. "चिमी गेली," एवढंच म्हणाला. छातीत कफ भरून आठवडाभर दवाखान्यात होती पोर, तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता सगळे वहिनीकडे बघतील. तसंच झालं. गौलीगुड्यात दादाच्या घरी पोहोचले तर शेजारीण दारातच दुसरीला सांगत होती, "क्या खिलाती थी की बच्ची को..." त्या शेजारणीच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा मला खरं वाटेना.

चिमी माझी भाची, दादाची एकुलती एक. जन्मली तेव्हा चार मुलींसारखीच होती. काही महिन्यांतच अंग असं भरत गेलं की वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन जिना चढणं दादालाच जमे. बायका आधी कौतुकाने गाल ओढायच्या, मग खोदून खोदून विचारायला लागल्या. भूक मात्र तिची तिलाच सोसत नव्हती. जेवून उठली की रडत पुन्हा पाटावर. मी बाहेरून आले की माझा हात हुंगायची. "आत्या, तू बिस्किट खाल्लंस ना? मला नाही आणलंस?" बोलायची हसत, पण डोळे माझ्या पिशवीवर. तिचा आमच्यावर विश्वास नव्हता आणि आमचा तिच्यावर.

खरं तर त्या घरात कुणाचाच कुणावर नव्हता. आईला वाटे, सून चोरून भरवते. वहिनीला वाटे, सासूच लाडाने लाडू देते. दादाचा राग दुकानात नव्याने लटकायला लागलेल्या चकचकीत पाकिटांवर आणि टीव्हीतल्या जाहिरातींवर. शेवटी आईने स्वयंपाकघराला कुलूप घातलं. तरी पोर वाढतच गेली, तेव्हा किल्ली कुणाकडे असते यावरून भांडणं. आता हसू येतं... तेव्हा कुणी हसत नव्हतं.

हिमायतनगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी चिमीचं रक्त तपासायला परदेशी पाठवलं. बऱ्याच दिवसांनी आम्हाला बोलावून त्यांनी सांगितलं, की अंगातली चरबी मेंदूला 'पुरे' असा निरोप पाठवत असते, हिच्या अंगात तो निरोप तयारच होत नाही. पोट भरलं तरी मेंदूला ती उपाशीच वाटते. अशा मुलांना छातीचे आजारही लवकर धरतात. यावरचं औषध अजून त्यांच्या हाती नव्हतं. दोष जनुकातला, आई आणि बाप दोघांकडून आलेला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले का?"

वहिनी आमच्या मामाची मुलगी, आईची सख्खी भाची. परक्या घरची पोर कशी निघेल कोण जाणे, म्हणून आईने हौसेने भावाचीच लेक सून करून आणली होती. आमच्यात हीच रीत. "डॉक्टरला काय कळतंय? पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय," म्हणून आईने तो विषय मिटवला. कुलूप तसंच राहिलं.

तेराव्याला चिमीच्या आवडीचं करून पान ठेवायचं ठरलं होतं. मामा सकाळीच आले. चहा पिता पिता आईला म्हणाले, "धाकटीचं आपल्या सुरेशशी उरकून टाकू. घरात पुन्हा पोरं खेळतील." धाकटी म्हणजे वहिनीची बहीण, सुरेश आमचा धाकटा भाऊ. आईने लगेच मान हलवली. मला वाटलं, मामांनी हे बोलायला आजचाच दिवस मुद्दाम निवडला असणार, रडत्या घरात नाही कोण म्हणतं?

वहिनी म्हणाली. "बाबा, माझ्या बहिणीला या घरात देऊ नका."

"मग काय परक्यांत द्यायची?" आई तडकली. "त्यांचा काय भरवसा?"

"भरवसा घरच्यांवरच ठेवला होता ना, आत्या? एवढी वर्षं तुम्ही माझे हात तपासलेत. रक्त तर तुमचं नि माझं एकच होतं."

मी आईकडे बघत होते. आता काहीतरी लागट बोलणार, याची मला खात्री होती. तिने हातातली कपबशी खाली ठेवली. मग मामांना म्हणाली, "धाकटीला बाहेर बघ. हिने पोरीला काही जास्तीचं घातलं नव्हतं." मनापासून म्हणाली की चारचौघांसमोर म्हणावं लागलं म्हणून, मला अजून सांगता येत नाही.

चिमीचं पान वहिनीनेच वाढलं. शिरा वाढला, आणखी वाढला, पान भरून जमिनीवर सांडायला लागला तरी तिचा हात थांबेना. आई शेजारीच बसली होती. तिने पातेलं वहिनीच्या आणखी जवळ सरकवलं.