वाईट बातमी सीमेवर कळवायची नाही

आमच्या कळंब्याचे गणपती आबा म्हणजे पलटणीतून निवृत्त होऊनही पलटणीतच राहिलेला माणूस. पहाटे गुळगुळीत दाढी, सदऱ्याला कडक इस्त्री, आणि नळावरची रांग जरा वाकडी झाली की अख्ख्या गल्लीच्या नावानं शंख. घरात त्यांचं एक फर्मान होतं : सीमेवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. फौजी घरांत हा रिवाज असतोच, पण आबांच्या घरात त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे.

त्यालाही कारण होतं. एकाहत्तरच्या लढाईत आबा आघाडीवर असताना त्यांची तान्ही मुलगी तापानं गेली. हे त्यांना रजेवर आल्यावर, उंबऱ्यात कळलं. "तवाच कळलं असतं तर मी काय जित्ता परत आलो नसतो," असं ते पुढं कायम सांगत. त्या दिवसांत बायकोनं, तानूबाईंनी, एकटीनं काय सोसलं हे विचारायचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

मुलगा प्रसेनजीतही फौजेत गेला. सून संघप्रिया आजऱ्याची, शिकलेली, बोलकी. लग्नाला चार वर्षं झाली, पण संसार तेवढा रजेपुरता. शेवटच्या रजेत दोघांचं वाजलं. "न्यायचं तर संगं न्या, न्हायतर मोकळं करा," असं सांगून ती माहेरी निघून गेली. प्रसेनजीत मुलखाचा अबोल. रजा संपली तसा ट्रंक उचलून गेला.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई पेटली आणि त्याची पलटण वर गेली. त्याच दिवसांत कोर्टाचा बेलिफ कळंब्यात आला. संघप्रियानं कोल्हापूरच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला होता. नोकरीतल्या सैनिकाचं समन्स त्याच्या पलटणीच्या साहेबामार्फत धाडायचं असतं. तिच्या वकिलाला हे ठाऊक नव्हतं की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. त्यानं पत्ता दिला घरचा. आबांनी मुलाच्या वतीनं ठसठशीत सही ठोकून समन्स घेतलं.

"त्येला कळवा की," तानूबाई म्हणाल्या.

"लढाईवरल्या जवानाला ह्ये कळवू? डोकं ठिकाणावर हाय न्हवं तुझं? आनि अशा जवानावर खटला चालतच न्हाय. कायदाच हाय तसा. आपसूक थांबतंय."

आबांचा कायदा खोटा नव्हता, अर्धा होता. लढाईवरच्या सैनिकाची केस थांबते, पण तो लढाईवर आहे हे कोर्टाला कुणीतरी सांगावं लागतं. पलटणीच्या साहेबाचं एक पत्र पुरलं असतं. कळंबा तर कोल्हापूरला लागूनच, कोर्ट ते किती लांब? आबा एकदाही गेले नाहीत. चहाच्या गाड्यावर मात्र छाती काढून सांगत, "माझ्या पोरावर केस? चालवून दावा म्हनावं!"

केस चालली. वर्ष संपायच्या आत एकतर्फी निकालही लागला. आबांना त्याचा पत्ताच नव्हता.

पुढच्या मे महिन्यात प्रसेनजीत घरी आला तो हसतच. शांत ठिकाणी बदली झाली होती, फॅमिली क्वार्टर मंजूर झालं होतं. संघप्रियाला न्यायलाच आला होता. पाणीसुद्धा न पिता त्यानं आजऱ्याची एसटी धरली आणि संध्याकाळी परत आला. महिन्यापूर्वीच तिचं दुसरं लग्न झालं होतं, आजऱ्यातच.

"आबा, मला घटस्फोट मिळालाय म्हनं. तुमास्नी ठाऊक हुतं?"

आयुष्यभर गल्लीला दरडावणारे आबा तानूबाईंकडं बघायला लागले. शेवटी तानूबाईंनीच सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी मुलाला कोल्हापूरच्या प्रीती वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे समजावलं. एकतर्फी निकाल रद्द करायचा अर्ज देता येईल, पण त्यासाठी आबांनी शपथेवर सांगायला हवं, की मुलगा लढाईवर असताना समन्स मी घेतलं आणि त्याला कळवलं नाही.

"सांगतो की! भर कोर्टात सांगतो. काय सजा असंल ती द्या मला," आबा म्हणाले. त्यांना सजाच हवी होती, असं मला वाटतं.

"आणि निकाल रद्द झाला तर तिचं आताचं लग्न?" प्रसेनजीतनं विचारलं.

"ते अडचणीत येईल," वकीलबाई म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ दे. तिचा काय गुन्हा?" एवढं बोलून तो उठला, आणि रजा अर्धी टाकून पलटणीत गेला.

आबांना अन्न गोड लागेना. एके सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते आजऱ्याला, संघप्रियाच्या नव्या घरी गेले. तिनं बसायला दिलं, पाणी दिलं. आबा उभ्यानंच बोलले, "पोरी, त्येचा काय दोष न्हाय. नोटीस मी दाबून ठेवली. त्येला कायबी ठाऊक न्हवतं."

संघप्रिया म्हणाली, "मामा, ती नोटीस म्हंजे... ती बघून तरी बोलतील, असं वाटलेलं मला. दर तारखेला दाराकडं बघत बसायची मी. एकदा जरी ते आले असते, तर तिथंच अर्ज मागं घेतला असता." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता हे कशाला सांगितलं मला?"

मला विचाराल तर तिचं बरोबर होतं. जन्मभर बातम्या दाबणाऱ्या माणसानं नेमकी दाबायला हवी होती तीच सांगितली. मन आबांचं हलकं व्हायचं होतं, ओझं गेलं तिच्या डोक्यावर. तसं त्यांचंही हलकं झालं नाहीच. तेव्हापासून नळावरची रांग कितीही वाकडी झाली तरी ते मान खाली घालून जात.

प्रसेनजीतनं पुन्हा लग्न केलं नाही. दर रविवारी त्याचा फोन येई. "बरं हाय. तुमी बरं हाय न्हवं? ठेवतो." एवढंच.

दोन हजार चार साली त्याच्या पलटणीतला, शाहूवाडीकडचा एक जवान सुट्टीवर आला होता, तो आबांच्या पाया पडायला आला. सहज म्हणाला, "प्रसेनजीतचा पाय आता झ्याक हाय की. काठी सुटली."

आबांनी त्याच दुपारी पलटणीत फोन लावला. बऱ्याच वेळानं मुलगा फोनवर आला.

"पायाला काय झालतं रं?"

"गोळी लागलेली. गेल्या पावसाळ्यात, सीमेवर. मिलिटरी हॉस्पिटलात हुतो."

"आनि दर रविवारी बरं हाय, बरं हाय म्हनत हुतास?"

"तुमास्नी कशाला काळजी, आबा," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर आबांना सोसला असता.

त्यांनी फोन ठेवला. तानूबाई दारात उभ्या होत्या. "काय म्हनला?"

आबांच्या ओठावर सवयीनं 'बरं हाय' आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "पायात गोळी लागलेली. हॉस्पिटलात पडून हुता. आपल्याला कळीवलं न्हाय त्यानं."



"पोरगं कुनाचं?" तानूबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन रडत बसल्या.