ओळंब्याची दोरी

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत सकाळचे वर्तमानपत्र वाचत होतो. मळ्यातून येऊन ओट्यावर बसला, तो उठलाच नाही, हृदयविकाराचा झटका. त्याला आता पाच आठवडे झाले. शाळेच्या बाकावर सुरू झालेली आमची मैत्री, मी विज्ञानाचा शिक्षक झालो आणि तो अकोल्याच्या वेशीवर वांगी-मेथी पिकवून विकत राहिला, तरी सुटली नाही. त्याच्याविषयी लिहायला बसलो की माझी एक चूक मध्ये येऊन उभी राहते. तीच आधी सांगतो.

दीड वर्षापूर्वी त्याने फोन केला. "मास्तर, दाराची चौकट मधातच फुगून राहिली. घर खचलं का बे?" काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याला ही शंका पहिली येते. मीही वर्गात सांगावे तसे सांगितले, की ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, भिंती हलणारच. पावसाळा संपू दे, मग मिस्त्री बोलाव. पेन्शन सुरू झाली तरी तुझा तास काही संपत नाही, असे म्हणून तो हसला. पण त्याने माझे ऐकले. दोन महिने थांबला.

मग मिस्त्रीने ओळंबा लावला आणि चौकट सरळ असल्याचे सांगितले. त्या दुपारी फोनवर नामदेव फार हळू बोलत होता.

"चौकट सोड... मले दोरीच वाकडी दिसून राहिली."

वजनाने ताणलेली दोरी वाकडी असू शकत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी त्याला एकेक डोळा झाकायला सांगितले. उजवा झाकला, दोरी सरळ. डावा झाकला, वाकडी. आणि समोर उभ्या मिस्त्रीच्या तोंडाच्या जागी धूसर डाग. मी त्याला लगेच अमरावतीला बोलावून घेतले.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा अगदी मधला भाग अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो. त्याच्याखाली नको तिथे वाढलेल्या नाजूक रक्तवाहिन्या झिरपू लागल्या, की पडदा उचलला जातो आणि सरळ रेषा वाकते. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस थांबतो. अमरावतीच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शने दिली. झिरपणे थांबले, डाग राहिला. लवकर आले असते तर बरेच वाचले असते, असे ते म्हणाले, तेव्हा नामदेवने माझ्याकडे पाहिले नाही...

दुसऱ्या डोळ्यालाही हा धोका होता. रोज सकाळी उजवा डोळा झाकून पाहण्यासाठी मी गणिताच्या, चौकोन आखलेल्या वहीचे एक पान त्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवले. एक जरी रेघ वाकली तर त्याच दिवशी निघायचे, असे बजावले. "अन् मेथी कोन खुडीन? तू?" एवढेच तो म्हणाला. पुढे रोज विचारले की 'सरळ हायेत' हे उत्तर ठरलेले असे.

गेल्या आठवड्यात अकोल्याला गेलो. पान अजून तिथेच होते. त्याच्या पत्नीने, शांतावहिनींनी, चहा पुढे ठेवला आणि त्या पानाकडे बोट दाखवले.

"भाऊजी, तुमाले सांगू नको म्हनत होते. शेवटी शेवटी ते तिथं दोन्ही डोये मिटून उभे राहत. मी इचारलं का म्हनत, सरळ हायेत."

मी त्या पानासमोर जाऊन उभा राहिलो. तळहाताने उजवा डोळा झाकला... मिटलेला डावा उघडायला मला फार वेळ लागला.