चौथ्या खेपेचा केक

आजोबांच्या पंचाहत्तरीला तुला आणि तुझ्या धाकट्या बहिणीला परदेशातून येता येणार नव्हतं. म्हणून धाकटीने तिच्या संत्र्याच्या केकची कृती मला पाठवली. "आजी, आमच्याकडून हाच कापायचा. बेकरीचा नको हं." मी शब्द दिला. कांदिवलीच्या या घरात तोवर ओव्हन फक्त पराती ठेवायच्या कामी येत होता.

पहिला केक भाकरीसारखा चपटा झाला. मी वही काढली. लॅबोरेटरीत नोकरी केल्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही सवय अंगात आहे. तिकडच्या ज्या मैद्याने धाकटी केक करते त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, आपल्या मैद्यात नसते. दुसऱ्या खेपेला ती घातली. केक कडेला जरा वर आला, मध्ये बसला. मग चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहिली. बुडबुडा नाही. नवी आणली, ती छान फसफसली. तरी तिसरा केकही बसला.

आजोबा म्हणाले, "हा दाराला लावायला बरा आहे. वाऱ्याने आपटणार नाही."

"अहो, थट्टा पुरे."

"अगं, मी बेकरीत अर्धा किलो सांगून ठेवलाय. कशाला त्रास करून घेतेस?"

घरात आता दोनच अंडी होती आणि वाढदिवस उद्यावर आला होता.

सकाळी फोन साखरेच्या डब्याला टेकवून धाकटीसमोर सगळं मोजलं, कालवलं, वर ताटली ठेवली. "आलेच अंघोळ, पूजा उरकून."

"आजी! झाकलंस कशाला?"

"मुरायला नको?"

"आंबोळ्या घालतेयस का? आधी ओव्हन तापव ना! पीठ कालवलं की लगेच आत!"

मी वही चाळली. वजनं, तापमान, मिनिटं, सगळं लिहिलेलं. झाकून ठेवलेला तास कुठेच नव्हता. पन्नास वर्षं पीठ कालवलं की झाकतेच, त्यात लिहायचं काय? पण ओली झाली की पावडर लगेच कामाला लागते. माझी पूजा आटपेपर्यंत तिचा जोर संपलेला असायचा.

ओव्हन लावला. तो तापेपर्यंत दहा मिनिटं गेली, तेवढ्यासाठी अर्धा चमचा पावडर वरून घातली आणि भांडं आत सरकवलं. मी पारोशीच होते. दोनदा दाराकडे हात गेला, दोनदा धाकटी फोनमधून ओरडली, "उघडू नकोस!"

केक वर आला. सुई घातली, कोरडी निघाली.

आजोबा स्वयंपाकघराच्या दारात आले, केक बघून परत बाहेर गेले. मग हॉलमधून त्यांचा फोनवरचा आवाज आला, "तो अर्धा किलोचा सांगितला होता ना, तो नको आता. घरी झालाय."