शेजारच्या खाटेवरची थंडी

जगातलं कुठलंही दुखणं कापूस कमी पडल्यामुळे होतं, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या नंदुरबार जिल्ह्यात एकच, आणि तो आठवड्यातून दोनदा शहाद्यात माझ्या शेजारच्या खाटेवर डायलिसिसला असतो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. धंदा पिंजाऱ्याचा. गाद्या-रजया भरण्यात हयात गेलेली. मशीनमधून फिरून आलेलं रक्त अंगाला गार लागतं, म्हणून आम्ही सगळेच पांघरूण आणतो; चाचा तीन रजया आणतात. आल्या आल्या माझी चादर दोन बोटांत धरून बघतात आणि नापास पोराच्या बापाकडे पाहावं तसे माझ्याकडे पाहतात. मी लोणखेड्याला जन्मभर मास्तरकी केली, पण असं पाहणं मला कधी जमलं नाही. एकदा तर मशीन लागायच्या आधी त्यांनी दवाखान्याची उशी उसवली. कापूस दबला होता म्हणे. सिस्टर रागवायला येईपर्यंत उशी फुगून परत शिवूनही झाली होती.

त्या मंगळवारी मशीन लागून तासभर झाला असेल, चाचांचे दात वाजू लागले. त्यांनी तिन्ही रजया ओढल्या, मग माझी ती नापास चादरही मागितली. खाट हलत होती. चादर पुढे करताना मला त्यांच्या मानेतल्या नळीची सुटलेली पट्टी दिसली, आणि खालची लालभडक कातडी. मशीन जिच्यातून रक्त घेतं ती आमची ही नळी थेट हृदयापाशी जाते. तिथून जंतू शिरले की रक्तातून अंगभर पसरतात, शरीर आतून सुजून पेटतं, आणि थंडी भरते ती त्या तापाची. डॉक्टरांनी हे बजावून सांगितलं होतं. समोरची खाट गेल्या महिन्यात अशाच थंडीने रिकामी झाली होती.

"हाई मशीननी थंडी शे, गुरुजी," चाचा म्हणाले. "सिस्टरले काही सांगू नका. मन्ही नळी काढी टाकतीन."

नळी काढली की धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडतात, आणि धुळ्याला गेलेला माणूस परत येत नाही, हा चाचांचा दुसरा सिद्धान्त. दारात ताप बघतात म्हणून सकाळीच तापाची गोळी घेऊन आलो, हेही त्यांनी कबूल केलं. मी भित्रा माणूस. मिनिटभर गप्प बसलो. त्या मिनिटाची मला अजून लाज वाटते. मग सिस्टरला हाक मारली.

धुळ्याला नेताना चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचे सहा डायलिसिस मी त्या खाटेकडे पाठ करून काढले. तिथं कुणी नवा माणूस झोपलेला दिसला तर काय समजायचं, हे मला ठाऊक होतं.

सातव्या खेपेला चाचा आले. अंगाने निम्मे झालेले, नळी मानेच्या दुसऱ्या बाजूला. माझी चादर बोटांत न धरताच आपल्या खाटेवर आडवे झाले. मशीन सुटल्यावर चष्मा पुसत माझ्या खाटेशी आले.

"तुम्हनी नळी दखाडा."

मी मान वळवली. शिवण तपासावी तशी त्यांनी माझी पट्टी कडेकडेने पाहिली.

"लाल नही शे," म्हणाले, आणि बराच वेळ माझ्याच खाटेवर बसून राहिले.

मानेवरची ती जागा ज्याची त्याला दिसत नाही. आता दर खेपेला आधी ते माझी पाहतात, मग मी त्यांची.