उजव्या अंगानं झिजलेला बुश

माझ्या थोरल्या साडूंनी हयातभर रेल्वेचं इंजिन चालवलं आणि निवृत्त झाल्यावर मोटारसुद्धा इंजिन समजूनच चालवली. दौंड-शिरूर रस्त्यावरच्या लोकांची त्यांनी जेवढी करमणूक केली तेवढी जत्रेतल्या तमाशानंही कधी केली नसेल, आणि तीही फुकट. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आक्का, त्यांना दौंडला दिलेल्या. धाकटीला करून मी शिरूरला भांड्यांचं दुकान टाकून बसलेला. साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. एकाच दुकानातून माल नेलेली दोन गिऱ्हाइकं जशी, तसे आम्ही. भेटलो की चौकशी करायची, तक्रार मात्र मोठ्यानं करायची नाही. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो, ते मला पाव्हणं म्हणायचे, आणि आमची ही त्यांना दाजी म्हणून इतका मान द्यायची की तेवढा मला मिळाला असता तर मी शिरूरचा नगराध्यक्ष झालो असतो.

निवृत्तीच्या साली साडूभाऊंनी एक पांढरी, जुनी मोटार घेतली. पांढरी म्हणजे तिच्या पहिल्या मालकाच्या काळात पांढरी असावी. ती घरी आली त्या दिवसापासून अंगणातली वाट लाईन झाली, कोपऱ्यावरचं वळण पॉइंट झालं आणि गल्लीचं तोंड आऊटर सिग्नल झालं. निघण्याआधी ते छोटी हातोडी घेऊन गाडीभोवती फिरायचे आणि चारी चाकं रेल्वेतल्यासारखी ठोकून कान देऊन ऐकायचे. रबराच्या टायरातून काय ऐकू येतं हे विचारायची सोय नव्हती. एकदा वरवंडला लग्नाला जायचं होतं, तर आम्ही सगळे नटूनथटून आत घामाघूम झालेलो आणि हे मागच्या चाकापाशी डॉक्टरासारखे कान लावून बसलेले. मी म्हटलं, साडूभाऊ, तिकडं अक्षता पडल्या असतील. तर म्हणाले, “पडू द्या. चाक पडण्यापेक्षा अक्षता पडलेल्या बऱ्या.”

समोरून कुणी आलं की गाडी बाजूला घ्यायची असते, ही गोष्ट तर त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. रुळावरचा माणूस बाजूला कुठं घेणार? ते आपले ब्रेक लावून जागच्या जागी उभे राहायचे आणि लाईन मोकळी व्हायची वाट बघायचे. न्हावऱ्याच्या अलीकडं एकदा समोरून उसाची बैलगाडी आली. गाडीवानही त्यांच्याच वाणाचा. त्यानं बैल सोडले, झाडाखाली बांधले आणि भाकरी काढली. साडूभाऊंनी मोटार बंद केली, डबा काढला. मग दोघांनी शेजारी बसून जेवण केलं, एकमेकाला ठेचा वाढला, गावची चौकशी झाली, आणि तरी बाजूला कोण घेणार हा प्रश्न तसाच. शेवटी मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं दोघांचा उद्धार केला तेव्हा कुठं रस्ता मोकळा झाला.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांची मान. इंजिनवाल्याला खिडकीतून मान बाहेर काढून सिग्नल बघायची सवय असते, ती काही त्यांच्या अंगातून गेली नाही. समोर एवढी मोठी काच असताना हे डोक्याला उपरणं बांधून सबंध उजव्या अंगावर कलायचे आणि मुंडी खिडकीबाहेर काढून गाडी हाकायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ड्रायव्हरला मळमळतंय. केडगावातल्या एका भल्या माणसानं तर गाडी थांबवून लिंबू दिलं होतं.

आता ही मोटार त्यांनी कशापायी घेतली, ते सांगितलं पाहिजे. आक्कांनी लग्नानंतरची सगळी वर्षं रेल्वेच्या क्वार्टरात काढली. नवरा आज कुर्डुवाडीला तर उद्या मनमाडला. साऱ्या मुलखाला घेऊन फिरणारा हा माणूस, पण बायको शेजारी बसलीय आणि हे गाडी चालवतायत असं एकदाही झालं नाही, कारण इंजिनात बायको बसवायची सोय रेल्वेनं केलेली नाही. आक्का पासवर जायच्या ते मागच्या डब्यात बसून, आणि पुढं इंजिन भलत्याच कुणाच्या हातात. रिटायर झालो की तुला माझ्या शेजारी बसवून नेईन, असा त्यांनी आक्कांना शब्द दिला होता. मोटार म्हणजे तो शब्द होता. आणि नेमका त्या शब्दातच बिघाड निघाला.

झालं असं, की एक दिवस आक्कांना शेजारी बसवून वरवंडहून परत येताना रस्त्याकडेला कांद्याचा ढीग होता आणि शेतकरी कांदा निवडत बसला होता. साडूभाऊंनी वेग कमी करायला एक्सलरेटरवरचा पाय उचलला. पाय वर आला, पेडल आलंच नाही. इंजिनानं असा काही सूर लावला की शेतकरी पळाला आणि मोटार सरळ ढिगात जाऊन कांद्यांच्या पोटात थांबली. कुणाला खरचटलंही नाही. शेतकरी फक्त म्हणाला, “आप्पा, कांदा निवडायचा व्हता, भरडायचा न्हवता.” आक्का दार उघडून खाली उतरल्या, निऱ्यांमधले दोन कांदे काढून ढिगावर ठेवले आणि शांतपणे बोलल्या, “तुमची गाडी तुमाला लखलाभ. मी येष्टीनं येती.”

आणि आक्का बोलल्या म्हणजे बोलल्या. त्यानंतर शिरूरला यायचं झालं की त्या एसटीत बसायच्या. साडूभाऊही हट्टी. ते रिकामी मोटार घेऊन एसटीच्या मागं मागं यायचे. पुढं एसटी, तिच्या मागच्या खिडकीत आक्का, आणि पाठीमागं मुंडी बाहेर काढलेले साडूभाऊ. एसटी थांबली की हे थांबायचे, ती सुटली की हे सुटायचे. चौफुल्यावर कंडक्टरनं एकदा खाली उतरून विचारलं, बाबा, बाईंच्या मागं का लागलाय? त्यावर ह्यांनी आपलं जुनं रेल्वेचं ओळखपत्र दाखवलं. त्यानं काय सिद्ध होतं ते देवाला ठाऊक. मी हसून हसून लोळायचो, पण जेवायला बसल्यावर ते आक्कांकडं न बघता भाकरी कुस्करायचे तेव्हा मी हसणं सोडून कालवणाचं पातेलं त्यांच्यापुढं सरकवायचो.

मग सुरू झाली दुरुस्ती. दौंडच्या एका मिस्त्रीनं एक्सलरेटरची केबल बदलली. दुसऱ्यानं कार्बोरेटर धुतला. तिसऱ्यानं पेट्रोलला नावं ठेवली, आणि चौथ्यानं गाडी विका असं सांगितल्यावर साडूभाऊंनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. पेडल आपलं तसंच. कधी गुमान वर यायचं, कधी जावयासारखं अडून बसायचं. “आता मीच बघतो,” असं म्हणून एका सकाळी साडूभाऊ उलटे होऊन मोटारीत शिरले. डोकं खाली पेडलपाशी, पाठ सीटवर, आणि पाय मागच्या सीटच्या दिशेला वर. मी त्या दिवशी दौंडला गेलो तर अंगणात दूधवाला त्या पायांशी दुधाच्या पातळपणावर वाद घालत होता. मग मी पायांना रामराम केला. पाय म्हणाले, “बरं झालं आलात, पाव्हणं. सैपाकघरातून लाटणं आणा.”

मी डावीकडच्या दारातून आत वाकून लाटण्यानं पेडल दाबायचं आणि सोडायचं, ते खालून बॅटरीच्या उजेडात बघणार, अशी योजना. दाबा, सोडा, हळू, अहो मेथीची जुडी न्हाई ती, असा कारभार बराच वेळ चालला. आक्का ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी लाटणं गेल्याचंही बघितलं आणि कशापायी गेलं तेही बघितलं, आणि परत सुपात मान घातली. एवढ्यात खालून आवाज आला, “थांबा. दाबू नगा. आता आडवं हलवा.” मी लाटण्यानं पेडल आडवं ढकललं, तर ते पडायला झालेल्या दातासारखं हललं. उजवीकडं कललं, त्याची कड बाजूच्या पत्र्याला टेकली आणि तिथंच अडकलं. वर यायला मागेना. केबल, कार्बोरेटर, पेट्रोल, सगळे बिचारे निर्दोष सुटले. पेडल ज्या पिनेवर फिरतं तिच्यावरचं गोल कडं, म्हणजे बुश, झिजून गेलं होतं.

साडूभाऊ बाहेर आले ते काळेकुट्ट होऊन, आणि तळहातावर तो बुश. अंगठीएवढी ती वस्तू. एका बाजूनं धडधाकट, दुसऱ्या बाजूनं कागदासारखी पातळ. ते उन्हात धरून बघत राहिले. झिजला तर सगळीकडून सारखा झिजायला पाहिजे, एकाच अंगानं का झिजला? मी म्हटलं, मालच खोटा असेल. ते म्हणाले, बनवणाऱ्यानं तिरका बसवला असेल. आक्कांनी सुपातून मान वर केली.

“तुमच्या उजव्या पायातला बूट बगा,” त्या म्हणाल्या. “त्यो बी असाच एका अंगानं झिजलाय. मुंडी भाईर काडून वाकडं बसता, मग पाय सरळ कसा पडंल?”

साडूभाऊंनी बूट काढून उलटा केला. मग बुश बघितला, मग परत बूट. बूट हातात धरूनच म्हणाले, “म्हंजी तुला कांद्यात मीच घातली.” आक्का म्हणाल्या, “मग काय येष्टीनं घातली?” आणि परत गहू निवडायला लागल्या.

नुसता बुश काही दुकानात मिळेना, सबंध पेडलच घ्या म्हणाले. साडूभाऊंनी शेतातल्या ठिबकच्या नळीचा तुकडा कापून बसवला, तर तो उन्हाळ्यानं पाघळला आणि पेडल आणखीच लुळं पडलं. शेवटी जुना बुश मी शिरूरला नेला. आमच्या घरी भाड्यानं राहणारा एक बिहारी पोरगा सणसवाडीच्या कारखान्यात लेथवर होता. त्यानं बुश हातात घेऊन विचारलं, “अंकलजी, इसे किसने चबाया है?” पण दोन दिवसांत नायलॉनचा असा गुळगुळीत बुश करून आणला की पेडल नव्या नवरीसारखं अदबीनं खाली जाऊ लागलं आणि पाय काढला की निमूट वर येऊ लागलं.

बुश नवा झाला, माणूस जुनाच होता. वाकडे बसले असते तर हाही झिजला असता. म्हणून साडूभाऊंनी अंगणात लाकडी खुर्ची मांडली आणि पाटावर उजवा पाय ठेवून सरळ बसायचा सराव सुरू केला. दोन मिनिटं ताठ, की मुंडी चालली उजवीकडं. शेजारच्या बाईंनी आक्कांना विचारलं, ह्यांना वारं गेलं का हो अंगावरनं? दोन-चार दिवस आक्कांनी हा खेळ बघितला. मग एका सकाळी पदर खोचून त्या मोटारीच्या डाव्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काडा गाडी. तुमची मुंडी आत ठिवायला कुनीतरी पायजे का न्हाई?” साडूभाऊ त्या दिवशी चाकं ठोकायला विसरले.

मग आठवडाभर दौंडातल्या दौंडात त्यांचं शिक्षण चाललं. मुंडी बाहेर गेली की आक्का नुसतं “आत” म्हणायच्या, की मुंडी आत. आणि मग निरोप आला, रविवारी दोघं शिरूरला येतोय, मोटारीनं.

आता आक्का नाहीत. मोटार मोडीत गेली. साडूभाऊंना डोळ्यांनी कमी दिसतं. मी भेटायला गेलो की तास-तास नुसते बसतात, आणि मला थट्टा करायची हिंमत होत नाही. पण त्यांचं नाव निघालं की मला तो रविवार आठवतो.

जेवणाची वेळ झाली होती. कांद्याच्या प्रकारानंतर पहिल्यांदाच दोघं मोटारीनं येणार म्हणून आमची ही भाकरतुकडा घेऊन दारात उभी. कोपऱ्यावरनं मोटार आली, अगदी सावकाश. साडूभाऊ फोटोला बसल्यासारखे ताठ, मुंडी आत. शेजारी आक्का दाराला डोकं टेकून गाढ झोपलेल्या, तोंड किंचित उघडं, मांडीवरची पिशवी खाली घसरलेली. गाडी दारासमोर आली आणि थांबलीच नाही. मी बाजूनं चालत खिडकीपाशी गेलो, तर साडूभाऊंनी ओठावर बोट ठेवलं.

“उठवू नगा, पाव्हणं,” ते हळूच म्हणाले. “केडगावपासनं झोपलीया. मी डूटीवर गेलो की ही जागी बसायची. समदी वर्सं. म्यानेजरच्या बायकूला झोप, साहेबाच्या बायकूला झोप, हिला न्हाई. आज मी गाडी चालवतोय आन् ही झोपलीया.” मग त्यांनी पायानं हलकंच पेडल दाबलं आणि गाडी पुढं नेली.

भाकरतुकडा हातात तसाच धरून आमची ही डोळे पुसत होती. ज्या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली त्याचा मला त्या घडीला सरळ सरळ हेवा वाटला. सबंध गावाला वळसा घालून मोटार परत आली. साडूभाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी आत डोकावलो, आक्का अजून झोपलेल्याच होत्या. मी हातानंच खूण केली, जाऊ द्या, अजून एक चक्कर.