निळी फुलं आणि बी विंगेतली साडेसाती

सोसायटीचे चेअरमन जोगळेकर साहेबांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत एक गॅलरी होती आणि गॅलरीतून निळी फुलं खाली सांडत होती. इतकी, की कुंडी कुठे आहे तेही दिसत नव्हतं.

"सावंत मॅडम, हे मला मेन गेटला पाहिजे."

"साहेब, हा लोबेलिया आहे. दक्षिण आफ्रिकेतला."

"माहितीये. मुलगी केपटाउनला असते. आत्ताच तिच्याकडे दोन महिने राहून आलो. तिकडे कुणी ढुंकून बघत नाही याच्याकडे, मॅडम. रस्त्याच्या कडेला उगवतं."

"तिकडे उगवतं, साहेब. आपण गोरेगावात आहोत."

हे वाक्य मी गेली एकोणीस वर्षं वेगवेगळ्या चेअरमनना वेगवेगळ्या झाडांबद्दल सांगते आहे. ट्युलिपबद्दल सांगितलंय, लॅव्हेंडरबद्दल सांगितलंय. एकाने सफरचंदाचं झाडही मागितलं होतं. गोरेगाव ते बोरिवली अशा सात सोसायट्यांच्या बागा माझ्याकडे आहेत. दापोलीला उद्यानविद्या शिकले तेव्हा वाटलं होतं, आयुष्य झाडांमध्ये जाईल. ते कमिट्यांमध्ये गेलं.

लोबेलियाला थंडी लागते. आमची सोसायटी आरेच्या जंगलाला लागून आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सकाळी जरा गारवा असतो. तेवढ्या दिवसांत तो फुलू शकतो. मार्च लागला की ऊन त्याला जगू देत नाही, हेही मी त्याच दिवशी सांगितलं.

"मार्चचं मार्चमध्ये बघू," साहेब म्हणाले. "फेब्रुवारीत गार्डन कॉम्पिटिशन आहे. आसपासच्या बावीस सोसायट्या आहेत. गेल्या वर्षी आपला नंबर विसावा होता."

मग त्यांनी टेबलावरची एक फाइल माझ्याकडे सरकवली. एका एजन्सीचं कोटेशन होतं. सिक्युरिटी, साफसफाई आणि बाग, सगळं एकत्र.

"कमिटीचं म्हणणं आहे, राणेंचं वय झालं. मी या वर्षापुरतं थांबवलंय. यंदा नंबर आला तर राणे राहतील. नाही आला तर मग माझाही इलाज नाही."

राणे काका म्हणजे माझे या सोसायटीतले माळी. वय सत्तावन्न, गाव मालवणजवळ, राहायला घाटकोपरला. वडील गिरणीत होते, गिरणी गेली आणि काका बागकामात आले. धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी या धंद्यात आले तेव्हा माझ्याकडे डिग्री होती आणि राणे काकांकडे हात होता. आजही वाटणी तशीच आहे. एजन्सी आली तर त्यांना कोण ठेवणार होतं? मला त्या फाइलचा राग आला, आणि मी म्हटलं, "करू साहेब."

लोबेलियाचं बी मी काकांच्या तळहातावर ठेवलं तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला.

"अगो बाय, ह्यां बी की तपकीर?"

खरंच तपकिरीएवढं बारीक असतं. शिंक आली तर अख्खी बाग उडून जावी. हे बी मातीत पुरायचं नसतं. त्याला रुजायला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, नुसतं भुरभुरायचं आणि सोडून द्यायचं. पाणीसुद्धा वरून घालायचं नाही, नाहीतर बी वाहून जातं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा, भुसा खालून पाणी ओढून घेतो.

हे सगळं मी सांगितलं. काकांनी मान डोलावली. दोन आठवडे झाले तरी ट्रेमध्ये काही दिसेना. बोटाने उकरून पाहिलं तर वर पेरभर माती.

"काका, माती कुणी घातली?"

"मी घातलंय. मातीआड केल्याशिवाय बी रुजतला कसां? उघड्यार टाकून बरां वाटला नाय."

चाळीस वर्षांची सवय. मी चिडले, बोलले, आणि दुसरं पाकीट काढलं. या वेळी काका ट्रेसमोर हात मागे बांधून उभे राहिले. दसऱ्याच्या सुमारास ट्रेवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसलं. ती रोपं होती.

ही रोपं एकेक सुटी करता येत नाहीत, केसासारखी असतात. पुंजक्यानेच लावायची. हे मी समजावायला लागले तर काका हसले. "म्हणजे तरवोच की!" भाताची रोपं काढून चिखलात पुंजक्याने लावतात, तसं. त्यानंतर मला काही शिकवावं लागलं नाही. मेन गेटच्या शेडखाली बारा टांगत्या टोपल्या झाल्या, मागच्या गेटला बी विंगच्या सावलीत बारा लांब कुंड्या. माती एकच, पाणी एकच, खत एकच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नवीन वर्ष लागलं आणि दोन्ही गेट निळी झाली. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. इतक्या वर्षांत या शहरात मी असा लोबेलिया पाहिला नव्हता. लोक सेल्फी काढायला लागले. जोगळेकर साहेब केपटाउनला व्हिडिओ कॉल करून टोपल्या दाखवत होते. गेटवर पाटी लागली, 'फुले तोडू नयेत. आपण कॅमेऱ्यात आहात.'

आता या झाडाची खोड सांगते. पहिला बहर भरभरून येतो आणि तीन-चार आठवड्यांत झाड दमतं. मधून पोकळ होतं, फांद्या लांबतात, खालची पानं तपकिरी पडतात. अशा वेळी कात्री घेऊन ते निम्म्यावर छाटायचं. फुलांसकट. बघवत नाही, पण तीन आठवड्यांत ते पुन्हा नवं होऊन येतं. छाटलं नाही तर बी धरतं आणि संपतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मी कात्री घेऊन ऑफिसात गेले.

"छाटायचं?" साहेब खुर्चीतून उठलेच. "फुललेलं झाड?"

"आत्ता छाटलं तरच कॉम्पिटिशनला फुलेल, साहेब."

"आणि नाही फुललं तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी? मॅडम, परीक्षक येईपर्यंत एकाही फुलाला हात लागणार नाही."

"आहे ते तोवर टिकणारच नाही."

"पाणी वाढवा."

त्याच संध्याकाळी कमिटीची मीटिंग झाली आणि ठराव पास झाला. सूचक जोगळेकर, अनुमोदक खजिनदार. एवढ्यावर थांबले नाहीत. राणे काकांची कात्री ऑफिसच्या कपाटात जमा केली गेली, कुलूप लावून. लागली तर रजिस्टरमध्ये कारण लिहून, सही करून न्यायची. मी विरोध नोंदवला. त्याचीही नोंद झाली.

पुढचे दोन आठवडे माझ्या मंगळवार-शुक्रवारच्या फेऱ्या मेन गेटवरच गेल्या, टोपल्यांची काळजी करण्यात. महिनाअखेरीला मागच्या गेटला गेले. बाराच्या बारा कुंड्या भुंड्या. एक फूल नाही. सगळी झाडं वितीवरून चार बोटांवर आलेली.

"काका, हे कुणी केलं?"

"माझ्याकडे कातर खंय आसा?" काका शांतपणे पाइप गुंडाळत म्हणाले. "माका विचारू नको. शहाणे काकूंक विचार."

शहाणे काकू बी विंगमध्ये राहतात. रोज पहाटे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन खाली उतरणाऱ्या मंडळाच्या त्या पुढारी. जास्वंद, तगर, पारिजातक, कुणाच्याही कुंपणातलं असो, देवाचं म्हणून तोडायचं. आम्हा बागवाल्यांचा हा जुना शत्रू. पण नीट पाहिलं तेव्हा मला काही वेगळंच दिसलं. फुलं ओरबाडलेली नव्हती. प्रत्येक फांदी पानाच्या जरा वरून खुडलेली होती, जिथून मी स्वतः खुडली असती तिथून. आमच्या धंद्यात याला पिंचिंग म्हणतात.

काकांकडे पाहिलं. ते पाइपच गुंडाळत होते.

"काय सांगितलंत त्यांना?"

"काय नाय गो. म्हटलंय, शनीदेवाक निळां फूल चालता. पण नुसतां फूल घेव नको, चार बोटांचो शेंडो घेवन जावा, देव पुरो पावता. आणि तीर्थात टाकू नको, चीक वाईट आसा, पोटात गेलो तर त्रास होतलो."

बी विंगमध्ये चव्वेचाळीस फ्लॅट आहेत. प्रत्येक घरात कुणी ना कुणी साडेसातीत असतंच. नसलं तर मुलाचं लग्न जमत नसतं, ते शनीच्याच खात्यात जातं. दोन शनिवारांत काम झालं होतं.

"आणि आता पुन्हा कळ्या आल्या की?"

"सांगितलंय तेंका. आता तीन शनवार देवाक तेल घाला, फूल नको."

मी हसले. ही गोष्ट साहेबांपर्यंत जायला एक दिवस लागला. आम्हा दोघांना ऑफिसात बोलावणं आलं. स्क्रीनवर फुटेज चालू होतं. पहाटेच्या उजेडात शहाणे काकू आणि त्यांच्यामागे सात-आठ जणं, रांगेत, शिस्तीत, एकेक शेंडा खुडत होती. शहाणे काकू प्रत्यक्षातही हजर होत्या, समोरच्या खुर्चीत.

"काकू, ही चोरी आहे," साहेब म्हणाले.

"जोगळेकर, देवाच्या फुलांनाही आता रजिस्टर ठेवणार का? तसं लिहून लावा नोटीस बोर्डावर. एप्रिलमध्ये इलेक्शन आहे, आमचे चव्वेचाळीस फ्लॅट वाचतील."

साहेबांनी फुटेज बंद केलं. मग ते काकांकडे वळले. "राणे, लक्ष ठेवणं तुमचं काम होतं. परीक्षकांच्या दिवशी मागचं गेट असंच बोडकं दिसलं, तर महिनाअखेर तुमची शेवटची. एजन्सीला मी होकार कळवतो."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मी साहेबांना खरं सांगते. काका म्हणाले, "नको. झाडच सांगतला." त्या तीन आठवड्यांत मी रोज मागच्या गेटला गेले. माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये आठवड्याला दोन फेऱ्या आहेत.

परीक्षक रविवारी सकाळी आल्या. दोघी होत्या, त्यातल्या एक कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. साहेब सफारी घालून मेन गेटला उभे. वर बारा टोपल्या टांगलेल्या, ठरावाप्रमाणे एकाही फुलाला हात न लागलेल्या. त्यात आता शिळ्या शेवयांसारख्या तपकिरी काड्या होत्या आणि टोकाला चुकून राहिलेली चार-दोन निळी फुलं. वाढवलेल्या पाण्याने निम्म्या टोपल्यांची मुळं कुजली होती.

बाईंनी एक काडी उचलून पाहिली. "वेळेवर छाटलं नाहीत का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदारांनी वॉचमनकडे पाहिलं.

"बाई, मागच्या गेटला चला," मी म्हणाले.

मागच्या गेटला जायचा रस्ता कचऱ्याच्या डब्यांवरून जातो, म्हणून तिकडे पाहुण्यांना कुणी नेत नाही. वळण आलं आणि बाई थांबल्या. बारा कुंड्या, पंचवीस फुटांची भिंत, आणि ती सगळी निळी. कुंडीची कड दिसत नव्हती. राणे काका कोपऱ्यात हात मागे बांधून उभे होते, बी पेरलं त्या दिवशीसारखे.

"मुंबईत असा लोबेलिया!" बाई वाकून बघत म्हणाल्या. "पिंचिंग किती नीट केलंय. एकट्या माळ्याचं काम नव्हे हे. कोण करतं?"

जोगळेकर साहेबांनी घसा साफ केला.

"आमच्याकडे रहिवाशांचा सक्रिय सहभाग असतो. कमिटीचं धोरणच आहे ते."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. गॅलरीतून शहाणे काकूंनी हात हलवला.

आम्हाला लोकसहभागाचं पहिलं बक्षीस मिळालं. एजन्सीची फाइल परत गेली, आणि राणे काकांच्या वयाचा विषय मी पुन्हा कुणाला काढू दिला नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन वाढलं आणि लोबेलिया पाच दिवसांत मेला. साहेबांचा फोन आला, "मॅडम, झाड असं कसं मेलं?" मी म्हटलं, मार्चचं मार्चमध्ये बघायचं ठरलं होतं.

एप्रिलमध्ये जोगळेकर साहेब बी विंगच्या मतांवर पुन्हा निवडून आले. पुढच्या हंगामासाठी 'पुष्पसहभाग उपसमिती' झाली आहे, अध्यक्ष तेच आहेत. लोबेलिया लावायचा असेल तर वाचकांना माझा सल्ला एवढाच. बी उघड्यावर पेरा, पाणी बेताने घाला, पहिला बहर ओसरायला लागला की निर्दयपणे छाटा आणि छाटायच्या आधी कमिटीला विचारू नका.

बक्षिसाची ढाल ऑफिसच्या कपाटात आहे. शेजारीच राणे काकांची कात्री आहे, कारण तो ठराव रद्द करायचा राहूनच गेला. परवा मी काकांना म्हटलं, अर्ज करून कात्री सोडवून घेऊ या.

"ऱ्हवांदे गो बाय," काका म्हणाले. "कातर गंजता. बी विंगेतली साडेसाती काय सरूची नाय."